राउल ते रॅली : एका विरळ ग्रीक आडनावाची हकीकत

ग्रीक लोकांच्या आडनावांचा विचार करू लागले म्हणजे 'पापादोपुलोस' हे नाव प्रथम पुढे उभे राहते. 'धर्मोपदेशकाचा पुत्र' एवढाच त्याचा अर्थ; आणि विवाहित पुरुषाला धर्मोपदेशकाची दीक्षा देण्याची मोकळीक पूर्वेकडील ख्रिस्ती संप्रदायात प्रथमपासूनच असल्यामुळे, गावोगावी स्वतंत्रपणे उत्पन्न झालेल्या या नावाचा विस्तार इतका झाला की आज ग्रीसमध्ये त्याहून अधिक आढळणारे आडनाव दुसरे नाही. अशा नावाला एक मूळपुरुष नसतो, एक मूळगाव नसते, आणि म्हणून सांगण्यासारखा एक इतिहासही नसतो. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला काही मोजकी आडनावे अशी आहेत की जी एकाच घराण्यात उगम पावली, राज्ये बुडाली तरी टिकली, आणि धारकांची संख्या अल्प असूनही ज्यांचा माग नऊशे वर्षांपर्यंत मागे काढता येतो. 'रालिस' हे त्यांपैकी एक होय. मराठी वाचकाला ते 'रॅली' या रूपात ठाऊक आहे. मुंबईच्या फोर्ट विभागातील रॅली हाऊस, वऱ्हाडच्या कापूसबाजारात एके काळी दबदबा राखून असलेली रॅली ब्रदर्सची पेढी आणि आजही कृषी सेवा केंद्रांच्या फळ्यांवर दिसणारी रॅलीज कंपनीची औषधे, या सर्वांच्या मुळाशी हे एकच ग्रीक आडनाव आहे. मिरवणूक वा मोर्चा या अर्थाने आपण जो रॅली शब्द वापरतो, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

प्राचीन ग्रीकांमध्ये वंशपरंपरागत आडनावाची चाल नव्हती. अथेन्सचा नागरिक आपले नाव सांगे, त्यापुढे बापाचे नाव षष्ठी विभक्तीत जोडी, आणि आपण ज्या गाववस्तीच्या पटावर नोंदलेले आहोत तिचा निर्देश करी. एवढ्याने त्याची ओळख पुरी होत असे. पुढे कॉन्स्टँटिनोपल ही राजधानी असलेल्या बिझंटाईन साम्राज्यात, नवव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत, लष्करी हुद्दे आणि आशिया मायनरमधील विस्तीर्ण जमिनी ज्यांच्या घरात पिढ्यानुपिढ्या राहू लागल्या त्या सरदारांना आपले कुळ इतरांहून वेगळे दाखविण्याची निकड भासू लागली, आणि फोकास, स्क्लिरोस, दुकास, कोम्निनोस, पालेओलोगोस अशी घराण्यांची नावे दरबारी कागदपत्रांतून व इतिहासग्रंथांतून रूढ झाली. आडनाव ही मूळची मिजाशीची नव्हे, तर हक्कसंबंधाची वस्तू आहे. जेथे वारसा सांगण्यासारखे वतन असते तेथेच ती प्रथम उगवते. सामान्य रयतेची आडनावे बहुतांशी पुष्कळ नंतरची; त्यांतील पुष्कळ तर तुर्की अमलात, करवसुलीच्या याद्यांतून आणि गावकऱ्यांच्या तोंडच्या टोपणनावांतून स्थिर झाली. म्हणूनच त्यांवर प्रदेशाचा शिक्का स्पष्ट दिसतो. नावाच्या शेवटी 'आकिस' असले तर माणूस क्रीट बेटाचा, 'ओपुलोस' असले तर बहुधा दक्षिणेकडील पेलोपोनेससचा, 'आतोस' असले तर केफालोनियाचा, 'इदिस' असले तर काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरून आलेल्या निर्वासितांच्या कुळातला, असा अंदाज जाणता ग्रीक मनुष्य सहज बांधतो. 'रालिस' या नावावर असा कोणताच शिक्का नाही. ते उघडे आणि एकटे आहे, आणि याचे कारण असे की ते मुळात ग्रीक नव्हेच.

अकराव्या शतकात उत्तर फ्रान्समधील नॉर्मंडीतून निघालेल्या शिलेदारांच्या टोळ्यांनी दक्षिण इटली आणि सिसिली हे मुलूख काबीज केले, आणि त्यांचा पुढारी रॉबर्ट गिस्कार हा प्रत्यक्ष कॉन्स्टँटिनोपलच्या तख्ताकडे डोळे लावून बसला. या प्रकरणाची हकीकत सम्राट आलेक्सियोस कोम्निनोस याची विदुषी कन्या आन्ना हिने आपल्या 'आलेक्सियाद' या ग्रंथात सविस्तर दिली आहे. पदच्युत सम्राट सातवा मिखाएल आपणच आहोत असे सांगणारा एक तोतया रॉबर्टने हाताशी धरला होता, आणि युद्धाला निमित्त मिळावे म्हणून त्याने कॉन्स्टँटिनोपलला एक वकील रवाना केला होता. या वकिलाचे नाव राउल. राउल परत आला तो असे सांगत की खरा मिखाएल मठात आहे, आपण त्याला प्रत्यक्ष पाहून आलो आहोत, आणि ही स्वारी अन्यायाची आहे. रॉबर्टचा संताप अनावर झाला. त्यातच राउलचा भाऊ रॉजर हा आधीच बिझंटाईन पक्षाला जाऊन मिळालेला असल्यामुळे राउलच्या जिवावर बेतले, आणि तो रॉबर्टचा पुत्र बोहेमंड याच्या आश्रयास पळाला. स्वामीच्या तोंडावर अप्रिय सत्य सांगणारा हा वकीलच रालिस घराण्याचा मूळपुरुष असे मानण्याचा मोह होतो. परंतु पुरावा तितका पुढे जाऊ देत नाही. घराण्याचा आद्य पुरुष राउल या नावाचा कोणी नॉर्मन होता आणि त्याच सुमारास तो बिझंटाईन चाकरीत शिरला, एवढेच विधान निर्धास्तपणे करता येते.

असे परके सरदार पदरी ठेवण्याची रीत त्या दरबारात जुनीच होती. पीटर नावाच्या एका पाश्चात्य योद्ध्यापासून पेत्रालिफास हे बिझंटाईन घराणे असेच निघाले. दोन-तीन पिढ्यांत या लोकांची भाषा बदले, पंथ बदले, सोयरिकी ग्रीक घराण्यांशी होत, आणि मूळच्या परकेपणाची खूण म्हणून फक्त आडनाव उरे. 'राउल' हे फ्रेंच नाव जुन्या जर्मानिक 'राडुल्फ' या नावाचे झिजलेले रूप. त्याच्या पूर्वार्धाचा अर्थ मसलत आणि उत्तरार्धाचा अर्थ लांडगा. इंग्रजांतील 'राल्फ' हे नावही याच मुळापासून आलेले आहे. ग्रीक भाषेत पुरुषाचे नाव 'स'कारान्त असल्यावाचून विभक्तीला नीट चालत नाही. म्हणून लेखणीत 'राउल' हे अविकारी रूप बराच काळ टिकले, तरी बोलण्यात त्याचे 'रालिस' झाले, आणि अखेर लेखणीनेही तेच स्वीकारले. या स्थित्यंतराचा आणि घराण्यातील ज्ञात व्यक्तींचा साधार अभ्यास फासुलाकिस या संशोधकाने 1973 साली अथेन्स येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला आहे.

तेराव्या शतकात हे घराणे वैभवाच्या शिखरावर होते. त्या काळातील एका व्यक्तीकडे वाचकाचे लक्ष मुद्दाम वेधावेसे वाटते, कारण माझ्या मते या आडनावाला तिच्याइतकी शोभा कोणा सेनापतीने वा कोट्यधीशाने आणलेली नाही. तिचे नाव थिओदोरा राउलेना. 'राउलेना' हे राउलचे त्या काळचे स्त्रीलिंगी रूप. कॉन्स्टँटिनोपल 1261 साली लॅटिन अमलातून परत मिळविणारा सम्राट आठवा मिखाएल पालेओलोगोस याची ती सख्खी भाची. तिचा पहिला पती 1258 मध्ये कटात मारला गेला, आणि मामाच्या मर्जीने दुसरा विवाह योआनिस राउल या सरदाराशी झाला. पुढे याच मामाने राजकीय सोयीसाठी रोमच्या पोपचे वर्चस्व पतकरून 1274 मध्ये दोन्ही धर्मसंघांचे ऐक्य घडवून आणले, तेव्हा थिओदोरा आणि तिची माता या दोघींनी त्याला उघड विरोध केला, आणि त्यापायी कैद भोगली. मिखाएलच्या मृत्यूनंतर ती राजधानीत परतली, संन्यासिनी झाली, संत आंद्रेआसचा मोडकळीस आलेला मठ तिने नव्याने उभारला, आणि उरलेले आयुष्य ग्रंथांच्या संगतीत घालविले.

अॅरिस्टॉटलच्या 'भौतिकी'वर सिम्प्लिकियसने लिहिलेल्या भाष्याची तिने आपल्या हाताने उतरवलेली प्रत आज मॉस्को येथे आहे. अॅरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान समजून घेण्यासाठीच नव्हे, तर सिम्प्लिकियसने उद्धृत केल्यामुळेच तगून राहिलेल्या आद्य ग्रीक तत्त्वज्ञांच्या वचनांसाठीही हे भाष्य अमोल आहे. आणि असला कठीण ग्रंथ शेकडो पानांवर ओळीमागून ओळ लिहून काढणारी स्त्री ही मध्ययुगीन युरोपात किती विरळा होती हे वेगळे सांगावयास नको. तिने नकलून काढलेल्या ग्रंथासोबतच्या पद्यात तिची ओळख दिलेली आढळते, आणि त्या ओळखीत माहेरचे पालेओलोगोस व कांताकुझिनोस, पूर्वजांचे कोम्निनोस व दुकास आणि सासरचे राउल अशी नावांची माळच गुंफलेली आहे. ही माळ आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. बिझंटाईन कुलीन समाजात आडनाव केवळ बापाकडून येत नसे. आईचे घराणे अधिक प्रतिष्ठित असेल तर मुलगा आईचे आडनाव लावी, आणि पुष्कळदा तीन-तीन, चार-चार आडनावे एकत्र धारण करी. त्यामुळे राउल हे नाव लेकींच्या वाटेनेही पसरले आणि ज्यांच्या अंगात त्या पहिल्या नॉर्मन पुरुषाचे पितृपरंपरेने आलेले रक्त नव्हते अशांच्याही वाट्याला आले. आडनावाची वंशावळ आणि माणसांची वंशावळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या लेखात पुढे जे काही सांगावयाचे आहे ते सर्व या भेदावरच उभे आहे.

कॉन्स्टँटिनोपल 1453 मध्ये तुर्कांच्या हाती पडले. पेलोपोनेससमधील मिस्त्रास हे अखेरचे बिझंटाईन विद्यापीठ म्हणावे असे नगर 1460 मध्ये गेले, आणि रालिस मंडळी दाही दिशांना पांगली. काही जण व्हेनिसच्या नोकरीत हलक्या घोडदळाचे सरदार झाले. तत्त्वज्ञ प्लिथोन याचा शिष्य दिमित्रिओस राउल काव्हाकिस हा पोथ्यांच्या नकला बरोबर घेऊन रोमला गेला, आणि त्याचा मुलगा मानिलियस राल्लुस या लॅटिन नावाने काव्यरचना करू लागला. एकाच नावाची ग्रीक, इटालियन आणि लॅटिन अशी वेगवेगळी रूपे या काळापासून सुरू होतात, आणि आजची मोजदाद करताना जो घोटाळा होतो त्याचे बीज येथेच पडलेले आहे.

यानंतर रालिस हे नाव ज्या ठिकाणी पुन्हा ठळकपणे दिसू लागते ते ठिकाण म्हणजे आशिया मायनरच्या किनाऱ्याला लागून असलेले खिऑस बेट. दोन शतकांहून अधिक काळ जेनोआच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात राहून 1566 साली ते तुर्की सत्तेखाली आले, तरी तेथे पिकणाऱ्या मस्तकी नावाच्या सुगंधी डिंकामुळे आणि तेथील व्यापाऱ्यांच्या चातुर्यामुळे त्याला पुष्कळ सवलती होत्या. शहराच्या दक्षिणेस कांपोस नावाचे मैदान आहे. तेथे उंच दगडी भिंतींच्या आड संत्र्या-लिंबांच्या बागा आणि त्या बागांत प्रतिष्ठित घराण्यांचे वाडे असत. आर्जेंतिस, स्कारामांगास, मावरोगोर्दातोस, रोदोकानाकिस, स्किलित्सिस आणि रालिस ही त्यांतील काही घराणी. खिऑसचे रालिस हे बिझंटाईन राउलांचेच वंशज, असे ते स्वतः मानीत आले. नावाचे सातत्य निःसंशय आहे, परंतु दरम्यानच्या पिढ्यांची एकूणएक साखळी कागदोपत्री जोडून दाखविणे निराळे, आणि बिझंटाईनांची आडनावे धारण करण्याची जी मोकळी पद्धत वर सांगितली तिच्यामुळे तर या बाबतीत सावध राहणेच बरे. मला स्वतःला या रक्तसंबंधाच्या वादापेक्षा नाव टिकले ही गोष्टच अधिक महत्त्वाची वाटते.

ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर 1822 च्या मार्चमध्ये सामोस बेटावरील बंडखोर खिऑसवर उतरले, आणि एप्रिलमध्ये तुर्की आरमाराने येऊन जो सूड उगविला त्याची बातमी ऐकून सारा युरोप हादरला. दलाक्रुआ या फ्रेंच चित्रकाराने दोनच वर्षांनी काढलेले त्याचे चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. हजारो माणसे कापली गेली, हजारो बायकामुले गुलामांच्या बाजारात विकली गेली, ओलीस ठेवलेले प्रतिष्ठित नागरिक फासावर चढले. जे वाचले ते सिरोस बेटावर, पिरेअसला, त्रिएस्तला, मार्सेला, ओडेसाला आणि लंडनला गेले. खिऑसच्या निर्वासितांनी पिरेअस बंदर कसे वाढविले याची खूण रालिस याच नावात सापडते. लुकास रालिस हा खिऑसकर 1855 पासून अकरा वर्षे पिरेअसचा नगराध्यक्ष होता, आणि तेथील मुलींच्या शाळेला 'रालिऑस' हेच नाव मिळाले.

लंडनची पेढी मात्र या संहाराच्या आधीची, 1818 ची. स्तेफानोस रालिसच्या पाच मुलांनी व्यापार आपसांत वाटून घेतला होता. झानिस ओडेसात धान्य खरेदी करी, औगुस्तोस मार्सेला असे, तोमाझिस कॉन्स्टँटिनोपलला, एफ्स्त्रातिओस मँचेस्टरकडे लक्ष ठेवी, आणि सर्वांचा सूत्रधार पांदियास लंडनला. ग्रीक मंडळी त्याला 'झ्यूस', म्हणजे देवाधिदेव, म्हणत. 1835 मध्ये तो ग्रीसचा लंडनमधील वाणिज्यदूत झाला. इंग्रजी कागदांत तो 'पांदिया स्टीफन रॅली' असा आढळतो. यांतील मधले नाव बापाचे आहे, आणि स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहिण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला ते समजावून सांगावे लागू नये. इंग्रजांना मात्र ते लागे. नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची ग्रीक चाल असल्यामुळे एकाच वेळी लंडनमध्ये चार-पाच स्टीफन रॅली वावरत, आणि बापाच्या नावावाचून त्यांची ओळख पटणे अशक्य होई. सोयरिकीही शक्यतो खिऑसच्या जुन्या घराण्यांतच होत, इतक्या की वधू आणि वर दोघेही जन्माने रॅलीच, असे प्रसंग येत. फिलिप आर्जेंती याने 1955 मध्ये खिऑसच्या कुलीन घराण्यांच्या वंशावळी दोन जाड खंडांत छापल्या. त्यांत ही जाळी पाहावयास मिळते. दक्षिण लंडनमधील नॉर्वुडच्या दफनभूमीत ग्रीकांनी 1842 मध्ये जो स्वतंत्र भाग विकत घेतला, त्यात तर रॅली हे नाव पावलोपावली कोरलेले आहे, आणि शाळेत असतानाच वारलेल्या औगुस्तुस या मुलाच्या स्मरणार्थ बापाने बांधलेले संत स्टीफनचे देवालय तेथे एखाद्या प्राचीन ग्रीक मंदिरासारखे खांबांवर उभे आहे.

पेढीने 1851 मध्ये कलकत्त्यास ठाणे दिले आणि 1861 मध्ये मुंबईस. दुसरे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारी अमेरिकन रुई आटली, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. तो पूर चार वर्षांत ओसरला आणि पुष्कळांना बुडवून गेला, परंतु पाय रोवून बसलेल्या पेढ्या तगल्या. पुढे 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली, 1870 मध्ये खामगावला फाटा गेला, 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्याने युरोप जवळ आले, आणि वऱ्हाडातील सरकी काढलेली, दाबून गासड्या बांधलेली रुई थेट बोटीवर चढू लागली. या व्यापारात रॅलींचे मुख्य प्रतिस्पर्धी म्हणजे 1851 मध्येच स्थापन झालेली स्वित्झर्लंडची फोल्कार्ट ब्रदर्स. तिच्या नावाचा पूर्वार्ध 1954 पासून 'व्होल्टास'मध्ये जिवंत आहे.

परतीच्या बोटींवर मँचेस्टरचे कापड येई, आणि त्याच्या ठाणांवर पेढीचे रंगीत तिकीट चिकटविलेले असे. तळहाताएवढा चकचकीत कागद, त्यावर शिळाछापाने उठविलेले एखाद्या हिंदू देवतेचे चित्र, मुकुटाला आणि प्रभावळीला सोनेरी शाई, आणि काठाला 'रॅली ब्रदर्स' ही अक्षरे. ज्या गिऱ्हाइकाला अक्षरओळख नव्हती तो चित्र पाहून माल ओळखी, आणि कापड संपले तरी तिकीट जपून ठेवी. ही तिकिटे आज संग्राहक मोठ्या हौसेने जमवतात. मसलत आणि लांडगा यांपासून बनलेले एक नॉर्मन नाव आपल्या देवांच्या पायाशी छापले जाऊन खेड्यापाड्यांतील घराघरांत गेले, हे मला या साऱ्या हकिकतीतील अत्यंत विलक्षण प्रकरण वाटते.

आता या नावाच्या संख्येकडे वळू. आडनावे नष्ट का होतात हा प्रश्न शास्त्रीय रीतीने मांडला गेला तो रॅली घराण्याच्या भरभराटीच्याच काळी आणि लंडनमध्येच. फ्रान्सिस गॉल्टन याने 1873 मध्ये 'एज्युकेशनल टाइम्स' या नियतकालिकातून तो गणितज्ञांपुढे ठेवला, आणि हेन्री वॉटसन या धर्मोपदेशकाने त्याची रीत बसविली. समजा, एखाद्या पुरुषाला एकही मुलगा नसण्याचा संभव चारांत एक, एकच मुलगा असण्याचा चारांत दोन आणि दोन मुलगे असण्याचा चारांत एक आहे. म्हणजे सरासरीने माणशी एक मुलगा. वरवर पाहता असे नाव कायम टिकावे. परंतु हिशेब केला तर एका पुरुषापासून निघालेले नाव पहिल्याच पिढीत संपण्याचा संभव शेकडा 25, दुसऱ्या पिढीपर्यंत 39, तिसरीपर्यंत 48, आणि दहाव्या पिढीपर्यंत 74 निघतो. आणि पुरेशा पिढ्या लोटल्या तर ते नाव संपणे अटळच असते. सरासरी एकाहून थोडीशी जरी वर गेली तरी काही नावांना कायम टिकण्याचा अवसर मिळतो. वॉटसनच्या हातून निसटलेला हा मुद्दा श्टेफेन्सेन या डॅनिश गणितज्ञाने 1930 मध्ये दुरुस्त केला. नऊशे वर्षांत तीस पिढ्या होतात. रालिस हे नाव एवढी मजल मारू शकले याची कारणे वर आलेलीच आहेत. बिझंटाईन काळात ते लेकींकडूनही चालले, त्याच्या शाखा वेळीच दूरदूरच्या मुलखांत पसरल्यामुळे एका ठिकाणच्या कत्तलीने सर्व बुडाले नाहीत, आणि खिऑसमध्ये पाच-पाच मुलगे असलेली सधन कुटुंबे त्याला लाभली.

तरीही आज ते विरळच आहे, आणि किती विरळ हे कोठे व कसे मोजता यावर अवलंबून आहे. ग्रीक भाषेत स्त्रीचे आडनाव षष्ठीत असते. बाप आणि भाऊ रालिस, तर लेक आणि बहीण राली. ग्रीसमधील नगरपालिका दोन स्वतंत्र दफ्तरे ठेवतात, एक केवळ पुरुषांची, सैन्यभरतीच्या सोयीसाठी, आणि दुसरे कुटुंबवार सर्वांचे. पहिल्यातून नाव मोजले तर निम्मी माणसे गळतात, आणि दुसऱ्यातून मोजताना दोन्ही रूपे एकत्र करण्याचे भान ठेवावे लागते. सरकारी पारपत्रावर ग्रीक नाव रोमन लिपीत उतरवताना हा भेद तसाच राहतो, म्हणून परदेशी नोंदींत एकाच घरातील भाऊ-बहीण दोन आडनावांचे ठरतात. उलट इंग्लंड-फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या शाखांनी 'स' कायमचा टाकून दिला, तेथे स्त्री-पुरुष सर्वच रॅली. आणि हे आखूड रूप रोमन लिपीत इतर मुळांच्या नावांशी एकजीव होऊन जाते. त्यामुळे जगभरच्या नोंदी एका कळीसरशी गोळा करून देणाऱ्या यंत्रांच्या आकड्यांवर भिस्त ठेवून या नावाची खानेसुमारी करणे म्हणजे काही ठिकाणी तेच माणूस दोनदा मोजणे आणि काही ठिकाणी भलत्यालाच नातेवाईक ठरविणे होय.

ग्रीसमध्ये या नावाचा बोलबाला त्याच्या संख्येच्या मानाने फार मोठा आहे, तो राजकारणामुळे. दिमित्रिओस रालिस 1897 ते 1921 या काळात पाच वेळा पंतप्रधान झाला. त्याचा मुलगा योआनिस याने 1943 मध्ये जर्मन आक्रमकांच्या हाताखाली ते पद स्वीकारून नावाला बट्टा लावला, आणि युद्धानंतर 1946 मध्ये तुरुंगात मरण पावला. नातू येओर्यिओस याने मात्र शिक्षणमंत्री असताना 1976 मध्ये, दीड शतक लादल्या गेलेल्या कृत्रिम पंडिती भाषेऐवजी लोकांच्या बोलीला शाळांत आणि शासनात मान मिळवून दिला. पुढे 1980-81 मध्ये तो पंतप्रधान असतानाच ग्रीस युरोपीय समुदायात सामील झाला. ब्रिटनमध्ये पांदेली रॅली हा 1875 पासून दहा वर्षे पार्लमेंटचा सभासद होता, आणि लुकास रॅलीला बॅरोनेट हा किताब मिळाला. लंडनची पेढी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घराण्याच्या हातून गेली. भारतातील कारभार 1948 मध्ये रॅलीज इंडिया या स्वतंत्र कंपनीत आला आणि ती पुढे टाटा समूहात गेली. पंखे, मुलुंडच्या कारखान्यातील रॅलीवुल्फ यांत्रिक अवजारे, खते, बियाणे, कीटकनाशके अशा नाना वस्तूंवर ते नाव चढले. अकोला आणि रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे येथे कंपनीचे कारखाने आहेत. नाव धारण करणाऱ्या माणसांहून ते वाचणाऱ्यांची संख्या अशा रीतीने कित्येक पटींनी वाढली.

ग्रीसमधील पुढील पिढ्यांच्या दृष्टीने 1983 चा कौटुंबिक कायदा निर्णायक ठरला आहे. त्याने विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलण्याची जुनी वहिवाट मोडली. तिचे जन्माचे आडनाव सर्व सरकारी व्यवहारांत कायम राहते. मुलांना बापाचे, आईचे किंवा दोघांचे जोडआडनाव द्यावयाचे हे वधूवरांनी विवाहापूर्वीच लेखी जाहीर करावे, आणि सर्व भावंडांना तेच लागावे, असे त्या कायद्याने ठरविले. जोडआडनावात दोनाहून अधिक नावे घालता येत नाहीत. आणि असा कोणताच जबाब नोंदविलेला नसेल तर मुलांनी बापाचे नाव लावावे, अशी त्या कायद्यात तरतूद होती. लेकीकडून नाव पुढे नेण्याची जी मोकळीक थिओदोराच्या काळी फक्त उमरावांना होती, ती आता कायद्याने प्रत्येक राली कन्येला आहे.